अभिसंधान व पशुशिक्षण

अभिसंधान व पशुशिक्षण : दोन घटना वारंवार एकापाठोपाठ अनुभवास आल्या असता पहिली घटना दुसरीची खूण बनते आणि प्राणी त्या खुणेनुसार आपले वर्तन बदलतो. या अध्ययनप्रक्रियेस मानसशास्त्रात ‘अभिसंधान’ ही संज्ञा आहे. प्रयोगशाळेत तिचा पद्धतशीर अभ्यास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. परंतु जनावरे पाळणारा व शिकविणारा माणूस तिचा उपयोग त्यापूर्वी कितीतरी शतके करीत आला होता. महाराष्ट्रात या उपयोगाचा इतिहास गोठा, मोटेची धाव, नंदीबैलवाल्याची फेरी आणि सर्कशीचे रिंगण अशा चार ठिकाणी पाहावयास मिळतो. त्यांपैकी पहिली तीन ठिकाणे बीड जिल्ह्यातील कडा (ता. आष्टी) या बाजारगावाच्या परिसरास जवळची आहेत. कडा हे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर)–जामखेड मार्गावर, पर्जन्यछायेच्या अवर्षणप्रवण प्रदेशात वसलेले आहे. पावसाचा भरवसा नसलेल्या अशा मुलखात जनावर हेच कुटुंबाचे खरे भांडवल असते. दुभत्या गाईवर घरखर्च चालतो, तर बैलजोडी घेऊन अनेक कुटुंबे दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांकडे ऊसतोडणीस जातात. त्यामुळे जनावर कसे शिकते, हा येथे केवळ जिज्ञासेचा विषय नाही.

एका अनुभवाने दुसऱ्याची आठवण होते, हा विचार फार प्राचीन आहे. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात स्मृती जागी करणाऱ्या निमित्तांची एक लांबलचक यादी दिली असून तीत अभ्यास, सादृश्य, संबंध, आनंतर्य, विरोध, सुख, दुःख व भय यांचा समावेश आहे. ॲरिस्टॉटलने सादृश्य, विरोध व सान्निध्य ही तीन तत्त्वे सांगितली. ती तिन्ही या यादीत नावाने वा आशयाने सापडतात, याकडे लक्ष वेधणे उचित होईल. पुढे जॉन लॉकने आपल्या ग्रंथाच्या चौथ्या आवृत्तीत (१७००) ‘कल्पनांचे साहचर्य’ हा शब्दप्रयोग रूढ केला आणि डेव्हिड हार्टलीने १७४९ मध्ये साहचर्यास मज्जातंतूंतील स्पंदनांचा आधार देण्याचा प्रयत्न केला. तथापि ही सर्व चर्चा मुख्यत्वे माणसाच्या मनातील कल्पना व स्मृती यांविषयीची होती. दाव्याला बांधलेले जनावर काय शिकते, याची तीत फारशी दखल नव्हती.

ती दखल रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह (१८४९–१९३६) याच्यामुळे घेतली गेली. पाव्हलॉव्हचा मूळ विषय पचनक्रिया हा होता व त्यासाठीच त्याला १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रयोगातील कुत्र्यांच्या तोंडाला अन्न जिभेवर पडण्यापूर्वीच, अन्नाचे भांडे दिसताच किंवा ते आणणाऱ्या नोकराची चाहूल लागताच लाळ सुटते, असे त्याच्या प्रयोगशाळेत दिसून आले. पचनाच्या मोजमापात अडथळा आणणारी ही गोष्ट पुढे त्याच्या संशोधनाचा मुख्य विषय बनली. अन्नाने लाळ सुटणे ही उपजत प्रतिक्षेप क्रिया होय. तालमापकाच्या ठोक्यांनी लाळ सुटणे ही उपजत नव्हे. ठोके आणि लगेच अन्न असा क्रम पुष्कळदा घडवून आणल्यावर नुसत्या ठोक्यांनीही लाळ सुटू लागते. अन्न हा स्वाभाविक उद्दीपक आणि ठोके हा अभिसंधित उद्दीपक. खूण आधी व अन्न मागाहून हा क्रम महत्त्वाचा असतो. तो उलटा केल्यास अभिसंधान क्वचितच घडते. ठोक्यांमागून अन्न येईनासे झाले, की प्रतिक्रिया हळूहळू मावळते (विलोपन). परंतु काही काळाने ती अचानक पुन्हा उमटते. म्हणजे शिकलेले पुसले जात नाही, ते केवळ दबते. सारख्या भासणाऱ्या आवाजांनाही प्राणी तीच प्रतिक्रिया देतो (सामान्यीकरण) व त्यांपैकी एकाच आवाजामागून अन्न मिळत गेल्यास इतर आवाज वगळावयास शिकतो (भेदन). लोकप्रिय पुस्तकांतून पाव्हलॉव्हचे नाव घंटेशी जोडले गेले आहे. प्रत्यक्षात तालमापक, गुंजक, दिवा, त्वचेवरील स्पर्श अशा अनेक उद्दीपकांचा त्याने उपयोग केला.

या प्रकारच्या अभिसंधानाचे (अभिजात अभिसंधान) सर्वांत परिचित उदाहरण ग्रामीण महाराष्ट्रात रोज सकाळ-संध्याकाळ घडते. ते म्हणजे गाईचा पान्हा. वासराने सडाला तोंड लावले, की तेथील संवेदना मज्जातंतूंद्वारे मेंदूकडे जाते. पोष ग्रंथीतून ऑक्सिटोसीन हे संप्रेरक रक्तात मिसळते, कासेतील दुग्धकोशिकांभोवतीच्या पेशी आकुंचन पावतात आणि सु. एका मिनिटात दूध सडांत उतरते. हा परिणाम काही मिनिटेच टिकतो. धार त्या अवधीतच काढून संपवावी लागते. ही उपजत प्रतिक्षेप क्रिया होय. परंतु रोज त्याच वेळी, त्याच माणसाने, त्याच भांड्याचा आवाज करीत पुढ्यात आंबोण ठेवले, की थोड्याच दिवसांत गाय भांड्याच्या आवाजानेच पान्हावते. कासेला हात लागण्यापूर्वीच सडांतून दूध ठिबकू लागते. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याची लाळ आणि गोठ्यातील गाईचा पान्हा यांत तत्त्वतः फरक नाही.

उलट बाजूही गोठ्यातच दिसते. माणूस बदलला, गोठा बदलला, बाजारातून नवी गाय घरी आली, म्हणजे ती ‘पान्हा चोरते’ असे शेतकरी म्हणतो. गाय काही चोरीत नाही. तिच्या ओळखीच्या खुणा हरवलेल्या असतात व अपरिचित खुणांनी भय उत्पन्न होते. १९४१ मध्ये ईली व पीटरसन या अमेरिकन संशोधकांनी भेदरलेल्या गाईत दूध उतरणे थांबते हे दाखवून त्याचा संबंध ॲड्रेनॅलीन या संप्रेरकाशी जोडला. देशी गाईंमध्ये वासरू ही खूण विशेष प्रबळ असते. वासरू दगावल्यास त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे ठेवण्याची जुनी रीत याच ज्ञानावर आधारलेली आहे. वास व दर्शन या दोन खुणा तेवढ्यापुरत्या पुरतात. याउलट जन्मतःच वासरू वेगळे करून पहिल्या दिवसापासून हाताने धार काढल्यास ती खूण मुळात जुळतच नाही आणि वासरावाचून गाय दूध देते. संकरित गाईंच्या प्रसाराबरोबर ही दुसरी पद्धत वाढली. जेथे खुणा जुळविण्याइतका धीर नव्हता, तेथे गाईच्या योनिमार्गात हवा फुंकून दूध उतरविण्याचा ‘फुका’ हा क्रूर प्रकार चालत असे. प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० याच्या बाराव्या कलमाने तो गुन्हा ठरविला आहे. दूध उतरविण्यासाठी ऑक्सिटोसीन सरसकट टोचण्याची अनिष्ट प्रथा ही त्याच उतावीळपणाची नंतरची आवृत्ती म्हणता येईल.

अभिसंधानाचा दुसरा प्रकार साधनभूत अभिसंधान हा होय. येथे खुणेइतकेच महत्त्व प्राण्याच्या स्वतःच्या कृतीला व तिच्या परिणामाला असते. एडवर्ड थॉर्नडाइकने १८९८ मध्ये भुकेल्या मांजरांना खिटीच्या पेटीत कोंडून त्यांचे वर्तन पाहिले. धडपडीत अकस्मात खिटी उघडली गेली, की मांजर बाहेर पडून अन्न मिळवी. पुढील खेपांस निष्फळ हालचाली कमी होत जात व खिटी लवकर उघडली जाई. ज्या कृतीचा परिणाम सुखद ती दृढ होते, हा त्याचा ‘परिणामाचा नियम’ होय. बी. एफ. स्किनरने १९३८ च्या ग्रंथात या विचारास काटेकोर रूप दिले व कृती दृढ करणाऱ्या परिणामास ‘प्रबलन’ म्हटले. प्रबलन दोन प्रकारचे असते : काही हवेसे मिळणे (धन प्रबलन) किंवा काही नकोसे दूर होणे (ऋण प्रबलन). ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे. हा घोटाळा पाठ्यपुस्तकांतही आढळतो.

खोंडाला कामास लावण्याची रीत बव्हंशी ऋण प्रबलनावर चालते. वेसण घातल्यावर कासरा एका बाजूस ताणला, की नाकपुडीस दाब बसतो. खोंड त्या बाजूस वळताच दाब सैल होतो. दाब सुटणे हे प्रबलन. ताणण्यापूर्वी दरवेळी तोंडाने ठरावीक आवाज केला, की काही दिवसांनी आवाजच पुरेसा होतो व कासरा सैलच राहतो. कसबी गडी आणि अडाणी गडी यांतील अंतर येथेच असते. पहिला बैल वळताक्षणी हात सैल सोडतो. दुसरा वळल्यावरही ओढीतच राहतो आणि मग बैल आडमुठा असल्याची तक्रार करतो. नवा खोंड जुन्या, शिकलेल्या बैलाच्या जोडीस जुंपण्यानेही वेळ वाचतो, कारण जोडीदार योग्य दिशेस वळला की नव्याच्या मानेवरील जू आपोआप त्याला तीच कृती करावयास लावते.

मोटेचा बैल हे या शिक्षणाचे सर्वांत पूर्ण उदाहरण होते. धावेवरून उतारास पुढे चालत जाणे, मोटेचे पाणी थारोळ्यात रिकामे होताच थांबणे आणि पाठमोऱ्या पावलांनी पुन्हा विहिरीच्या काठाकडे येणे, ही कृतींची साखळी बैल दिवसभर करीत असे. मागे चालणे बैलाच्या प्रकृतीस सोयीचे नसते. तरीही नाड्यावरील भार हलका होणे, थारोळ्यात पाणी कोसळल्याचा आवाज व मोटकऱ्याचा सूर या खुणा एकत्र येताच जोडी मागे सरू लागे. साखळीतील प्रत्येक कृतीचा शेवट ही पुढील कृतीची खूण असते, हे स्किनरच्या परिभाषेत ज्याला साखळी-वर्तन म्हणतात त्याचेच रूप होय. तेलावर व विजेवर चालणारे पंप आल्यावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोट मागे पडली आणि तिच्याबरोबर हे ज्ञानही. ऊसवाहतुकीच्या गाड्यांवर त्याचा एक अंश उरला आहे. रात्रीच्या वेळी पुढच्या गाडीमागोमाग बैल चालत राहतात आणि गाडीवान डुलकी घेऊ शकतो.

नंदीबैलाचा खेळ याहून सूक्ष्म आहे. नंदीवाले ही मूळची तेलुगू भाषक भटकी जमात असून त्यांच्यातील तिरमल नंदीवाल्यांचा अभ्यास कैलाश मल्होत्रा व माधव गाडगीळ यांनी केला आहे. झूल, कवड्या व घुंगरांनी सजविलेला बैल, वाकड्या काठीने घासून घुमविलेला ढोल आणि बैलास विचारलेले प्रश्न हा खेळाचा सांगाडा. उत्तर होकारार्थी असल्यास बैल मान खालीवर करतो, नकारार्थी असल्यास ती आडवी हलवितो. अवर्षणप्रवण भागात विचारला जाणारा मुख्य प्रश्न अर्थातच पावसाचा. बैलास प्रश्न कळत नाही. त्याला कळते ती खूण. ढोलाच्या घुमण्यातील बदल, आवाजाची पट्टी, कासऱ्याची पुसटशी हालचाल यांपैकी एकेका खुणेस एकेक कृती जोडलेली असते. शिक्षणात प्रथम कासऱ्याचा दाब, मग दाबाबरोबर ढोल आणि अखेरीस केवळ ढोल असा खुणेचा भार क्रमाक्रमाने हलविता येतो. प्रेक्षकाच्या लक्षात न येईल इतकी लहान खूण बैलास पुरी पडावी, यात नंदीवाल्याचे सारे कसब आहे.

याच स्वरूपाचा एक प्रसंग यूरोपात फार गाजला. बर्लिनमधील ‘हुशार हान्स’ नावाचा घोडा खुराने ठोके देऊन बेरीज-वजाबाकीची उत्तरे देत असे व १९०४ मध्ये विद्वानांच्या एका मंडळासही त्यात लबाडी आढळली नाही. ऑस्कर फुंग्स्टने १९०७ मध्ये दाखवून दिले, की ठोक्यांची योग्य संख्या गाठताच प्रश्न विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हलते आणि घोडा ती हालचाल टिपून थांबतो. प्रश्नकर्त्यास स्वतःलाच उत्तर ठाऊक नसेल, तर हान्स चुकत असे. नंदीबैल आणि हान्स यांत फरक इतकाच, की नंदीवाला आपण खूण देतो हे जाणतो. हान्सच्या मालकास ते ठाऊक नव्हते. या दृष्टीने नंदीवाल्याचे ज्ञान बर्लिनच्या मंडळापेक्षा पुढचे होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

पावसाच्या भाकितावरील श्रद्धेचा उलगडाही अभिसंधानाच्या एका नियमाने होतो. प्रबलन प्रत्येक खेपेस न मिळता अधूनमधून मिळाले, तर वर्तन अधिक चिवट बनते व विलोपनास दाद देत नाही. सी. बी. फर्स्टर व स्किनर यांनी १९५७ च्या ग्रंथात हे विपुल आधारांनिशी मांडले. बैलाने मान हालवली आणि पाऊस आला असे काही वर्षी घडतेच, तेवढे पुरते. कोरड्या गेलेल्या वर्षांची आठवण तितकी टिकत नाही.

भटक्यांच्या सर्वच खेळांत अभिसंधान असते असे मात्र नाही. गारुड्याच्या पुंगीवर नाग डोलतो तो शिक्षणामुळे नव्हे. नागास बाह्यकर्ण नसतात, हवेतून येणाऱ्या ध्वनीची त्याची संवेदना मर्यादित असते व तो पुंगीच्या हालचालीवर नजर ठेवून बचावाचा पवित्रा घेत असतो. मुंगूस व साप यांची झुंजही उपजत वर्तनाची होय. नंदीबैलाचे शिक्षण आणि नागाचे डोलणे एकाच कोटीत घालण्याची चूक लोकव्यवहारात नेहमी होते.

पशुशिक्षणास संघटित व्यवसायाचे रूप सर्कशीने दिले आणि त्यात मराठी माणसाचा वाटा मोठा आहे. अश्वविद्येत निष्णात असलेल्या विष्णुपंत छत्रे यांनी इटालियन सर्कसवाला क्यारिनी याचे खेळ पाहून १८८० मध्ये ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. त्यानंतर सांगली–मिरज–तासगाव परिसरातून देवल, कार्लेकर इ. सर्कशी निघाल्या. पुण्याचे दामू धोत्रे (१९०२–७३) हे हिंस्र पशूंचे शिक्षक म्हणून जगभर नावाजले व १९४० च्या दशकात अमेरिकेतील रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीत आल्फ्रेड कोर्टबरोबर त्यांनी काम केले. त्यांच्या मराठी आत्मकथनाचे वाघ सिंह माझे सखे सोबती हे नावच त्यांची भूमिका सांगते. वाघाला चौरंगावर चढविण्याचे तंत्र स्विस प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगरने सांगितलेल्या ‘पलायन-अंतरा’वर आधारलेले असते : शिक्षक त्या अंतराच्या आत पाऊल टाकतो तेव्हा वाघ सरकतो, तो इष्ट जागी पोहोचताच शिक्षक मागे हटतो आणि मग काठीच्या टोकावरील मांसाचा तुकडा देतो. मारहाणीने प्राणी भितो, शिकत नाही, असे कुशल शिक्षक सांगत आले. थॉर्नडाइकनेही १९३० नंतर आपला नियम सुधारून शिक्षेचा प्रभाव बक्षिसाच्या मानाने बराच दुबळा असल्याचे मान्य केले. तरीही सर्कशीतील सर्व शिक्षण मायेनेच होत असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून होणार नाही. पिंजरा, उपासमार व चाबूक यांचा तो इतिहासही आहे.

स्किनरच्या सिद्धांताची मर्यादा प्रथम पशुशिक्षकांनीच ठळकपणे दाखविली, ही गोष्ट लक्षणीय आहे. त्याचे विद्यार्थी केलर व मॅरियन ब्रेलंड यांनी प्राणिशिक्षणाचा व्यवसाय थाटला आणि १९६१ मध्ये आपल्या अपयशांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. लाकडी नाणे पेटीत टाकल्यावर अन्न मिळते हे शिकलेली डुकरे पुढे पुढे नाणे नाकाने जमिनीवर उकरीत बसू लागली. प्रबलन चालू असतानाच शिकलेली कृती बिघडली आणि उपजत वर्तन वर आले. १९६६ मध्ये जॉन गार्सिया व कोलिंग यांनी दाखविले, की मळमळीचा संबंध उंदीर चवीशी सहज जोडतो, दिव्याशी व आवाजाशी जोडीत नाही. कोणतीही खूण कोणत्याही परिणामाशी जोडता येते, हे गृहीतक त्यामुळे सोडावे लागले. लिऑन केमिन, रॉबर्ट रेस्कोर्ला व ॲलन वॅगनर यांच्या संशोधनातून (१९६८–७२) नुसते सान्निध्य पुरत नाही, खुणेने काही नवे कळले तरच ती शिकली जाते, असे निष्पन्न झाले. गाईपुढे आधीच पक्की खूण असेल, तर तिच्या जोडीने आणलेली दुसरी खूण ती शिकत नाही, हा गोठ्यातील अनुभव याच्याशी जुळणारा आहे.

माणसाच्या बाबतीत जे. बी. वॉटसन व रोझली रेनर यांनी १९२० मध्ये एका तान्ह्या मुलाच्या मनात पांढऱ्या उंदराचे भय अभिसंधानाने निर्माण केले. तो प्रयोग आज नीतीच्या दृष्टीने निषिद्ध मानला जातो. मेरी कव्हर जोन्सने १९२४ मध्ये त्याच तत्त्वाने एका मुलाचे सशाविषयीचे भय घालविले. वर्तन शिकलेले असते आणि म्हणून बदलता येते, या निष्कर्षाचे भटक्या जमातींच्या संदर्भात एक वेगळे महत्त्व आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती अधिनियमाने गुन्हेगारी वृत्ती संपूर्ण जमातीत जन्मतःच असते असे गृहीत धरून अनेक भटक्यांवर हजेरीची व नोंदणीची सक्ती केली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला; कलंक मात्र मागे राहिला, आणि नंतरच्या काळात खेळ हे उपजीविकेचे साधनही हातचे गेले.

१९६० च्या अधिनियमाखाली निघालेल्या अधिसूचनेने १९९८ मध्ये अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या व सिंह यांच्या खेळांवर बंदी आली व २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. दरवेशी व माकडवाले यांचा व्यवसाय त्यामुळे संपला. जुलै २०११ मध्ये या यादीत बैलाचाही समावेश झाला. तिचा शब्दशः अर्थ घेतल्यास नंदीबैलाचा खेळही तीत येतो. वाद मात्र झाला तो शर्यतीच्या बैलांविषयी. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडी शर्यतींवर बंदी घातली, महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर शर्यतींस परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. शर्यतीच्या बैलांमागे गावे, संघटना व राजकीय बळ होते. नंदीवाल्याची बाजू त्या वादात जवळजवळ कोणीच मांडली नाही.